मागची काच घासू नका

१२ जानेवारी

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण पोचल्याचं कळवण्यापलीकडे तू काही कळवलेलं नाहीस.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, फोनवर तू ‘हो आई, बरं आई’ करतेस, मी ‘ठेवू का मग?’ म्हणते, आणि झालं. शिवाय फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर चढला तर निदान खोडता तरी येतो.

पहिली बातमी तुझ्या लाडक्या गोगलगायींची. मागच्या खोलीतल्या दोन्ही टाक्या मी घासून लख्ख केल्या. जाताना तू दारात उभी राहून एवढंच म्हणालीस, ‘आई, मागची काच घासू नका.’ नवऱ्याबद्दल अवाक्षर नाही, माझ्या गुडघ्यांबद्दल नाही, काच! मला असा राग आला म्हणून सांगू. तुझी टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी घासणी घेऊन बसले. पहिल्यांदा मागचीच काच घासली.

काय ते शेवाळ, आणि त्यावर जागोजागी चिकट चिकट थेंब! सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली सिस्टर आहे मी. माझ्या पावलांचा आवाज आला की हाताखालच्या पोरी हात धुवायला पळायच्या. आणि माझ्याच घरातला तो बुरसटलेला कोपरा इतकी वर्षं मी कसा सहन केला, ते मलाच ठाऊक. आता ये आणि बघ. काचेतून पलीकडच्या भिंतीचा रंग दिसतो.

घाबरू नकोस, साबण लावलेला नाही. नळाचं पाणी तू सांगितलंस तसं दिवसभर बादलीत ठेवूनच घालते. पालकाची पानं उकळत्या पाण्यातून काढून देते. शंख मजबूत व्हावेत म्हणून अंड्याच्या टरफलांचा चुरा टाकते. म्हणजे माझ्या हातचं माणसांना जसं वेळेवर मिळतं तसंच त्यांनाही मिळतंय.

त्यांचा झरा बुजवून वर रस्ता झाला, ही जात आता फक्त तुमच्या पैदास केंद्रात आणि आपल्या मागच्या खोलीत उरली आहे, सगळ्या एका जागी ठेवायच्या नाहीत, एकीकडे काही झालं तर दुसरीकडच्या हव्यात, हे तू मला इतक्यांदा ऐकवलंस की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. म्हणून सांभाळते. प्रेमाबिमाने नाही. गल्लीतली पोरं तुला ‘गोगलगायवाली’ म्हणायची, ते ऐकून मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तुझा नवरा बरा आहे. जेवतो, कामाला जातो, येतो. लोक विचारतात तेव्हा मी सांगते, सुनेला मोठ्या केंद्रात जागा मिळाली, गेली. ‘गेलीस तर परत येऊ नकोस’ असं तो म्हणाला, ते सांगत नाही. स्वयंपाकघरात होते मी, सगळं ऐकू आलं. त्यावर थोडं लिहावं म्हणत होते, पण आता दूध उतू जाईल.

तब्येतीला जप. ओल्या बाह्यांनी दिवसभर वावरू नकोस, तुला ती सवयच आहे.

तुझी,
सासूबाई


९ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,

आशीर्वादाचं नंतर बघू. आधी हे वाच.

टाक्यांत काहीतरी बिनसलं आहे. तळाशी बारीक पांढरी कणी दिसायला लागली. मी आधी टरफलांचा चुरा समजले. मग भिंग लावलं, तर एकेका कणीला वेटोळं. पिल्लं आहेत गं. मोहरीपेक्षाही लहान, आणि सगळी रिकामी. कुठून आली, कधी आली, कोण जाणे. मोठ्यांपैकी काही तळाशी नुसत्या पडून असतात. एक तर टाकीतून बाहेर पडून भिंतीवर चढली होती, दाराकडे तोंड करून. तिला उचलून पाण्यात सोडली. चहा ठेवून येते तो पुन्हा वर.

पाणी बदलून पाहिलं. पान बदलून पाहिलं. दर वेळी कोपरापर्यंत हात धुऊनच टाकीत घातले. माणूस असता तर नाडी बघितली असती, जीभ बघितली असती, दोन शब्द दरडावून विचारलं असतं. यांना कुठे हात लावायचा आणि काय विचारायचं?

तुझा नवरा म्हणाला, ‘मरू देत, आई. सुटशील.’  मी दुपारभर टाकीपुढे स्टूल टाकून बसून राहिले. तू एकदा सांगितलं होतंस, ह्यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी असं नसतं, प्रत्येकीच्या अंगात दोन्ही. तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आज बसल्या बसल्या वाटलं, बरं आहे बायांचं. सासर आणि माहेर, प्रश्नच मिटला.

जमलं तर येऊन बघून जा. गोगलगायींसाठी म्हणते आहे.

आशीर्वाद.

तुझी,
सासूबाई


२ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तू येऊन गेलीस त्याला महिना उलटून गेला, पण मला अजून मधेच हसू फुटतं. तू खोलीत शिरलीस, मागची काच बघितलीस आणि डोक्याला हात लावलास. मला वाटलं, आता ही रडणार किंवा माझ्यावर ओरडणार, आणि मीही पदर खोचून तयार होते. तर तू हसत सुटलीस. ‘आई, तुम्ही त्यांचं ताटच घासून ठेवलंत!’ ते शेवाळ म्हणजे पिल्लांचं जेवण, आणि मोठ्यांचंही नुसत्या पानावर भागत नाही. ते चिकट थेंब म्हणजे त्यांची अंडी. आणि पिल्लू जिथे जन्मतं तिथेच चरतं, खाली ठेवलेल्या पानापर्यंत जायचं बळ त्याच्यात नसतं. हे मला आधी कुणी सांगितलं होतं? तू सांगितलं असशील. मी ऐकलं नसेल.

उलट्या बादल्यांवर बसून आपण चहा प्यालो. तू दोन कप घेतलेस. तुमच्या केंद्रातल्या मॅडम डब्यातली भाजी ओळखायला डोळे मिटून वास कसा घेतात ते तू करून दाखवलंस, तेव्हा माझा चहा नाकात गेला. लग्न होऊन आल्यापासून आपण दोघी एका खोलीत इतका वेळ न भांडता बसल्याचं मला आठवत नाही. तुझा नवरा मुद्दाम बाहेर गेला होता, हे तुलाही कळलं आणि मलाही. पण खरं सांगायचं तर मला त्याची उणीव भासली नाही.

तू गेल्यावर तुझा कप मी दुसऱ्या दिवसापर्यंत विसळला नाही. मी! तसाच ठेवला ओट्यावर. का ते विचारू नकोस.

आता पेशंटची प्रकृती. नाजूक आहे. फारच नाजूक. मागची काच तू म्हणालीस तशी सोडून दिली आहे. हात शिवशिवतात, पण मागे बांधून उभी राहते. तरी त्यांच्यात काही धुगधुगी वाटत नाही. अंड्याच्या थेंबात पिल्लू गोल गोल फिरतं तेव्हा किती गोड दिसतं, टिपक्याएवढं असून स्वतःभोवती कसं ऐटीत वळतं, आणि बाहेर आल्यावर काचेला तोंड लावून चरताना ते तोंड कसं उघडतं आणि मिटतं, असं सगळं दिसायला हवं ना? म्हणजे दिसलं असतं तर बरं वाटलं असतं, असं म्हणायचं होतं मला. तर तशी लक्षणं नाहीत. तूच अधूनमधून येऊन तपासून गेलीस तर काही आशा धरता येईल.

शेजारच्या शिंपीणबाई एक विचारत होत्या. समजा, कुणाकडे गोगलगायी फार झाल्या, अगदी दाटी झाली, तर साध्या काचेच्या बरण्यांत ठेवलेल्या चालतात का? त्यांची आपली उगीच चौकशी. पण उत्तर लवकर पाठव, त्यांना जरा घाई आहे.

तुझी,
सासूबाई


२२ जून

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. केंद्राची गाडी पाठवते, आहेत तेवढ्या इकडे देऊन टाका, असं लिहितेस. गाडी पाठवू नकोस.

अगं, मे महिन्यात तू स्वतःच्या डोळ्यांनी बघून गेलीस ना? एका टाकीत पाच-सहा म्हाताऱ्या, दुसरी टाकी रिकामी. तुझा चेहरा किती उतरला होता. जेवलीसुद्धा नाहीस. अशा पेशंटला हलवत नाहीत. नोकरीत मी भल्याभल्या सर्जनना दारात थोपवलं आहे, तुमच्या ड्रायव्हरची काय कथा! तुमच्या मॅडमना सांग, सिस्टर परवानगी देत नाहीत. आणि तुमच्या केंद्रात एवढ्या टाक्या भरलेल्या असताना माझ्या ह्या पाच म्हाताऱ्यांवाचून तुमचं काय अडलं आहे?

तू मात्र ये. गाडीशिवाय ये. आलीस की दोन दिवस राहा. मागच्या खोलीत तुझ्यासाठी गादी घालून ठेवली आहे आणि खिडकीची ती करकरणारी कडी दुरुस्त करून घेतली आहे. तुझा नवरा समोरच्या खोलीत असतो, तुला त्याच्या वाटेलाही जावं लागणार नाही. तू त्याच्याबद्दल काही विचारत नाहीस, म्हणून मीही काही लिहीत नाही.

एक विचारायचं राहिलं. टरफलं कमी पडली तर दुसरं काय चालतं? घरात आम्ही दोघंच, अंडी खाऊन खाऊन किती खाणार? कोपऱ्यावरच्या बेकरीतून पिशवी भरून आणते, तर बेकरीवाला परवा विचारायला लागला, ‘सिस्टर, एवढ्या टरफलांचं करता तरी काय?’ म्हटलं, आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना पचतात हो.

शिंपीणबाईंनी तुला नमस्कार सांगितला आहे. त्यांच्या खिडकीत हल्ली ऊन फार येतं, तर बरण्यांवर ओलं कापड टाकलेलं चालेल का, असं विचारत होत्या. बरण्यांत त्यांनी जाम केला आहे.

तुझी,
सासूबाई


११ ऑगस्ट

चिरंजीव,

‘सौ.’ मुद्दाम लिहिलेलं नाही. विसरले नाही आणि रागही नाही. ते तू ठरवायचं आहेस. पत्राच्या पहिल्याच ओळीत तुझ्या वतीने मी ठरवून टाकायला नको.

तुझं पत्र काल आलं. केंद्रात नवे नळ बसवले, तांब्याचे, आणि बघता बघता सगळ्या टाक्या गेल्या. तांबं त्यांना विष आहे, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण नळ बसवणाऱ्यांना सांगायचं राहून गेलं. रिकामे शंख तू स्वतः ओंजळीने काढलेस. पुढे लिहितेस, ‘आई, ही जात आता संपली. तुमच्याकडच्या म्हाताऱ्या काही अंडी घालायच्या नाहीत. मी परत येते. ह्यांना सांगा. इथे आता माझं काही उरलं नाही.’

खरं सांगू? ‘परत येते’ एवढं वाचलं आणि मला आनंद झाला. लाज वाटावी इतका झाला. तुझा कप फडताळातून काढून पुढे ठेवला. लगेच ह्याला जाऊन सांगितलं. त्याने पेपर बाजूला न करता म्हटलं, ‘येऊ दे. पण त्या टाक्या आता घरात नकोत. आणि नोकरीबिकरी पुन्हा नाही, हे तूच तिला समजावून सांग.’

‘बरं,’ म्हणाले मी. सवयीने. त्याला मी नेहमी ‘बरं’च म्हणते.

मग मागच्या खोलीत जाऊन टाकीपुढे बसले. तू इथे त्या खोलीत रिकाम्या हातांनी बसलेली मला दिसायला लागलीस. तुझ्या बाह्या कोरड्या होत्या. ते काही मला बघवेना.

तर आता ऐक. उभी असशील तर आधी खाली बस.

जात संपलेली नाही. माझी एक टाकी काठोकाठ भरली आहे. तिची मागची काच गवतासारखी हिरवीगार आहे आणि तिच्यावर इतकी पिल्लं चरतायत की मोजायला गेले तर पुन्हा पुन्हा चुकते. शिंपीणबाईंच्या खिडकीत जाम नाही. त्यांच्या शिलाई मशीनमागे ओळीने बरण्या मांडल्या आहेत आणि एकूण एक बरणीत तुझ्या गोगलगायी आहेत. पिल्लं मोठी झाली, त्यांनी अंडी घातली, त्यांचीही पिल्लं झाली. मी पणजी झाले म्हण ना!

मे महिन्यात तू येणार असं कळलं, तेव्हा हिरवी टाकी पाणी अर्धं उपसून आम्ही दोघींनी उचलून शिंपीणबाईंकडे नेली आणि तिच्या जागी दुकानातून कोरी टाकी आणून ठेवली. म्हाताऱ्या होत्या त्या टाकीची काच घासून ठेवली. राहवलं नाही, असं तुला सांगितलं आणि तू विश्वास ठेवलास, कारण तू मला ओळखतेस. दुसरी टाकी नवी कोरी आहे, हे तुझ्यासारखीच्या नजरेतून एरवी सुटलं नसतं. पण तू रडत होतीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि भिंतीपलीकडे शिंपीणबाई मशीन चालवत होत्या. तू गेलीस तशी हिरवी टाकी आम्ही परत जागेवर आणली.

का केलं असं? फेब्रुवारीत ह्या मरायला लागल्या आणि तू आलीस. एवढंच आहे बघ. ह्या आजारी पडल्या की तू येतेस, हे मला समजलं. ठणठणीत आहेत म्हटलं असतं तर तू गाडी पाठवली असतीस, ह्यांना घेऊन गेली असतीस, आणि मग ह्या घरात पाऊल टाकायला तुला कारण काय उरलं असतं? नवऱ्यासाठी तू येणार नव्हतीस. माझ्यासाठी ये म्हणायला मला तोंड नव्हतं. मला तुझी आठवण येते गं. हे वाक्य लिहायला मला जानेवारीपासून ऑगस्ट उजाडला.

रागाव. खुशाल रागाव. फोन करून ओरडलीस तरी चालेल, ह्या खेपेला मी आवाज चढवणार नाही. जून महिन्यात गाडी आली असती तर त्या तिकडे तुमच्या तांब्याच्या पाण्यात गेल्या असत्या, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालून पाहिली. पण ते काही खरं नाही. मला कुठे ठाऊक होतं तांब्याचं? माझं लबाडीचं वागणं त्यांच्या पथ्यावर पडलं, बाकी काही नाही.

सगळं संपलं असं समजून परत येऊ नकोस. तसं येणं मला नको आहे. तू यावंस म्हणून मी काय काय केलं ते वर लिहिलंच आहे, आणि तीच मी सांगते आहे की येऊ नकोस. तिथेच राहा. आधी ते नळ उपटून काढायला लाव, समोर उभी राहून. नवं पाणी तुझ्या मनासारखं झालं की गाडी पाठव. इकडे तयारी झालेली आहे. मागच्या काचेसारख्या काचेच्या पट्ट्याही मी हिरव्या करून ठेवल्या आहेत. दर बरणीत एक पट्टी घालून देईन, म्हणजे पिल्लांचा वाटेतला शिधा झाला. बरण्यांना धक्का लागू नये म्हणून शिंपीणबाईंनी कापूस भरून पिशव्या शिवल्या आहेत, एकेक वेगळ्या रंगाची. ड्रायव्हरला सांग, गाडी हळू चालव, आत लेकुरवाळ्या आहेत.

आज सकाळी चहाच्या वेळी ह्याला म्हटलं, ‘ती येणार नाही. टाकी घरातच राहील.’ त्याने पेपर खाली ठेवला. ‘आई, तू पण?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘हो, मी पण.’ तो उठला. जाताना मागच्या खोलीच्या दारात थांबला, लांबूनच टाकीकडे बघितलं आणि कामाला गेला. त्याच्या मनात काय आहे ते मी तुला सांगू शकत नाही. तुला कळून घ्यायचं असेल तर त्यालाच विचार, नसेल तर नको विचारूस. मी आता मधे पडणार नाही.

सगळ्या मात्र देणार नाही हं. हिरवी टाकी मी ठेवून घेते आहे. तुझाच नियम, सगळ्या एका जागी ठेवायच्या नाहीत. काल बेकरीतून टरफलं घेऊन येत होते, तर गल्लीतल्या पोरांनी मागून हाक मारली, ‘ओ गोगलगायवाली!’ आणि मी आपली वळून ‘काय रे?’ म्हणाले.

आणखी एक, आणि हे शंभर टक्के खरं आहे. माझ्या टाकीतल्या सगळ्या अगदी ठणठणीत आहेत. एकही आजारी नाही. तरी ये.

तुझी,
गोगलगायवाली